रिसोडच्या म्हातारीचं थंडीतलं तेल

वऱ्हाडात थंडी पडत नाही, अशी आम्हा सातारकरांची पक्की समजूत. वऱ्हाड म्हणजे ऊन, कापूस आणि तिखट, एवढंच मी ऐकलं होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण पौषातल्या पहाटेबद्दल मला कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. त्यामुळे एक सुती कोट आणि एक उपरणं एवढ्यावर मी निघालो आणि रोज पहाटे कुडकुडलो. माझ्या अडाणीपणाची ही फक्त सुरुवात होती.

लढाई संपून दोन हिवाळे झाले होते. मी मुंबईत वंगणतेलाच्या एका पेढीवर नोकरीला होतो. गिरण्यांना, मोटारवाल्यांना यंत्रात घालायचं तेल आम्ही डब्यांतून पुरवत असू. एके दिवशी रिसोडच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मालकांचं पत्र आलं. त्यांनी लढाईच्या मोडीतली, डिझेलवर चालणारी एक जुनी लॉरी घेतली होती. दिवाळीनंतर तुमचं तेल घातल्यापासून ती सकाळी सुरू होत नाही, असं त्यांचं म्हणणं. पत्राचा शेवट असा होता : ‘तेल खराब की ड्रायव्हर, हे माणूस पाठवून ठरवावे. ड्रायव्हर खराब असल्यास आम्ही त्यास काढू.’ आमच्या शेठजींनी पत्र माझ्या हातात ठेवलं, ‘तेल खराब नाही’ एवढं बजावलं आणि मला गाडीत बसवून दिलं. म्हणजे काय ठरवून यायचं, ते निघण्यापूर्वीच ठरलं होतं.

जऊळका

अकोल्याहून छोट्या रुळांची आगगाडी घेऊन सकाळी उशिरा जऊळक्याला उतरलो. वाशीमला मालगाडीच्या वॅगनसाठी फार रांग लागते, म्हणून पत्र लिहिणारे ते जिनमालक, आप्पासाहेब, आपल्या सरकी काढलेल्या रुईच्या गाठी इथे पाठवत. स्टेशनाबाहेर लॉरी उभी होती. नाक पुढे काढलेली, एका बाजूला किंचित कललेली, रंग उडून कुठला ते कळू नये अशी. तिच्या पायरीवर चाळिशीचा एक उंच माणूस बसला होता. धोतरावर बटणं गेलेला खाकी कोट, आणि कोटाला कमरेशी सुतळी.

“मुंबईचे तेलवाले साहेब तुमीच काय?” त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.

“मी किसन. मालकानं सांगतलं, पाहुण्याले घेऊन ये. एक पुसू काय? तुमी मले पाहाले आले, का म्हातारीले?”

म्हातारी म्हणजे लॉरी. सगळा मुलूख तिला त्याच नावानं ओळखतो. मी म्हटलं, “दोघांनाही.” तो हसला नाही. त्यानं माझी वळकटी उचलून आत ठेवली आणि सीटवर आपलं घोंगडं माझ्यासाठी अंथरलं.

त्या दिवशी उन्हात म्हातारी हँडलच्या दोन फेऱ्यांत सुरू झाली आणि धूर सोडत पण मुकाट चालली. मालेगावच्या अलीकडे एका शेतात ज्वारीचा हुरडा भाजत होते, तिथे किसननं गाडी थांबवली. ओळखपाळख काही नाही, पण शेतकऱ्यानं आधी मला बसायला पोतं दिलं आणि मग विचारलं, पाहुणे कुठले. आमच्याकडे हुरड्याबरोबर गूळ-खोबरं देतात, इथे लसणाची चटणी दिली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शेतकरी शांतपणे म्हणाला, “पाहुणे कवळे हायेत,” आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

वाटेत किसननं आपली हकीगत सांगितली. बाप गाडीवान, हाही वीस वर्षं गाडीवान. बैलगाड्यांतून कापूस न्यायचा. आप्पासाहेबांनी लॉरी घेतली तेव्हा बाकीच्या गाडीवानांनी तिला शिव्या घातल्या. किसन मात्र अकोल्याला जाऊन ती चालवायला शिकून आला. त्यामुळे त्याचे जुने सोबती त्याच्याशी नीट बोलत नसत, आणि आता लॉरी अडायला लागली तर त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. “गाडी गेली त मले बैलगाडीवर पुन्हा कोनी उभं करनार नाई, साहेब,” तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती, वस्तुस्थिती होती.

रिसोड

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगच्या आवारात मी जे पाहिलं, ते सातारा जिल्ह्यात सांगितलं तर थापाड्या म्हणून मला कुणी दारात उभं करणार नाही. धुकं होतं. कापसाच्या ढिगांवर दव पडलं होतं. आणि म्हातारीच्या पुढच्या अंगाला दोर बांधून दोन बैलजोड्या तिला ओढत होत्या. एक गडी बैलांपुढे, एक बाजूला, किसन आत चक्रावर. बॅटरी केव्हाच मेलेली, आणि हँडल दोघांनी मिळून फिरवलं तरी ते अर्ध्यातच अडे. आवाराला तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा एक धक्का बसून काळा धूर निघाला. बैल बिचकून दोर तोडायला निघाले. मी मागे सरताना दव पडलेल्या सरकीत पाय घसरून बसलो, तेव्हा सगळे मनापासून हसले. त्यात बैल हाकणारा म्हातारा गाडीवान सर्वांत जास्त हसला.

“रोजचंच हाय,” तो मला उठवत म्हणाला. “बैलाच्या पोटावर लॉरी चालून राह्यली. मंग बैलच काय वाईट होते?”

आप्पासाहेब ओसरीवरून पाहत होते. साठीचे, स्वच्छ धोतर, कमी बोलणारे. त्या दिवशीही गाठी उशिरा पोचल्या आणि ठरलेली वॅगन गेली. दुपारी लॉरी परतल्यावर त्यांनी मला बोलावून सांगितलं, “पाहा, मले त्याचा राग नाई. गरीब मानूस हाय. पन अजून एकदा वॅगन गेली त मी दुसरा ड्रायव्हर आनतो. तुमी काय थे लवकर ठरवा.”

मी किसनला विचारलं, यंत्रात कोणतं तेल घालतोस. त्यानं आमच्याच पेढीचा डबा आणला. पन्नास नंबर, आमच्याकडलं सर्वांत जाड. मला हसू आवरेना.

“उन्हाळ्यात काय घालत होतास?”

“चाळीस.”

“आणि थंडीत पन्नास? अरे, काहून?” त्यांचा शब्द माझ्या तोंडी नकळत आला.

त्याला माझा प्रश्नच कळेना. “थंडी वाजते म्हनून. साहेब, थंडीत आपन काय करतो? जाड पांघरून घेतो. डिंकाचे लाडू खातो. म्हातारीले पातळ तेल देऊ काय?” त्यानं डब्यात बोट बुडवून अंगठ्याला लावलं आणि दोन्ही बोटं हळूहळू दूर केली. मध्ये तेलानं लांब तार धरली. “पाहा. दुकानात सगळे डबे उघडून पाह्यले. याच्याएवढी तार कोनाचीच नाई.”

बैलगाडीच्या कण्याला गाडीवान असंच तेल पारखून घालतात, हे मला नंतर कळलं. कण्याला ते लागूही पडतं, कारण बैलांना गाडी सुरू करायला हँडल मारावं लागत नाही. यंत्राचं उलटं. थंडीत जाड तेल गोठून काकवीसारखं होतं आणि त्यातून आतले दांडे हलेनासे होतात. हे मी त्याला तक्ता काढून दाखवलं. आमच्या पेढीचा छापील तक्ता होता, त्यात ‘हिवाळा’ या शब्दासमोर वीस नंबर होता. किसनला वाचता येत नव्हतं, पण त्यानं तक्ता दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिला.

“याच्यात म्हातारीचं वय लिवलं हाय काय?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, वयाचा काही संबंध नाही.

मग मी स्वतः उभा राहून सगळं जुनं तेल काढवलं आणि वीस नंबर भरवलं. ते पाण्यासारखं धो धो गेलं, तेव्हा किसनच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. काढलेलं जाड तेल फेकून दे म्हटलं, तर तो डबा घेऊन सीटखाली ठेवायला लागला. “कायले फेकू? बैलगाडीच्या कन्याले होते कोनाच्या तरी.” गाडीवानाची खोड, असं मी मनात म्हटलं.

त्या संध्याकाळी आप्पासाहेबांकडे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी झाली. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे तुपात बुडवून चार खाल्ले. आमच्याकडे पाहुण्याला पोट भरलं का विचारतात. इथे विचारायची पद्धत नाही, वाढत राहायची पद्धत आहे. मी सुखात झोपलो.

मालेगावच्या पुढचा चढ

तिसऱ्या सकाळी किसननं आणि एका गड्यानं हँडल मारलं आणि तिसऱ्या फेरीला म्हातारी सुरू झाली. बैल दावणीलाच होते. बैल हाकणारा तो म्हातारा निघून गेला. आप्पासाहेब ओसरीवरून खाली आले. किसननं माझ्याकडे पाहून हात जोडले. मला लाज वाटायला हवी होती, पण मी फुगलो. वाटेत मी त्याला यंत्रशास्त्रावर एक व्याख्यानही दिलं. तो “हाव साहेब, हाव साहेब” म्हणत ऐकत होता, कारण मी पाहुणा होतो.

इथली थंडी आमच्या वाईच्या थंडीसारखी दिवसभर रेंगाळत नाही. सकाळी दात वाजतात आणि दुपारी कोट काढावा लागतो. अकरा वाजता ऊन चटके द्यायला लागलं. म्हातारीच्या पाठीवर गाठी होत्या, मालेगाव मागे पडलं होतं आणि रस्ता चढाला लागला होता. तेवढ्यात किसननं मान तिरकी केली.

“साहेब, ऐकू येते काय?”

मला यंत्राच्या धडधडीपलीकडे काही ऐकू येत नव्हतं. त्यानं पुढच्या काचेखालच्या काट्याकडे बोट दाखवलं. तेलाचा दाब दाखवणारा तो काटा खाली येत होता.

“काटे जुने झाले की असं दाखवतात,” मी म्हटलं. “चालव. वॅगन चुकेल.”

“आतून टकटक होऊन राह्यली.”

“अरे, तक्त्याप्रमाणे तेल आहे. तू चालव.”

तो शंभरेक पावलं गेला असेल. मग त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि यंत्र बंद केलं. एकदम सगळीकडे शांत झालं. मी चिडलो. आजची वॅगन चुकली तर तुझी नोकरी जाईल, एवढंही तुला कळत नाही का, असं मी त्याला ओरडून म्हटलं. मुंबईहून आलेला साहेब बोलतो तसा बोललो, आता आठवलं की कान तापतात.

किसन खाली उतरला. त्याचा आवाज चढला नाही. “नोकरी गेली त मी जाईन, साहेब. पन थे वरडून राह्यली. वरडत्या बैलाले मी कधी मारलं नाई.”

त्यानं खालून थोडं तेल काढून बोटांवर घेतलं. अंगठा आणि बोट दूर केलं. तार धरलीच नाही. तेल तापून इतकं पातळ झालं होतं की ते बोटांवरून ओघळून गेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तक्ता नव्या यंत्रासाठी होता. म्हातारीच्या आत सगळं झिजलेलं, फटी मोठ्या झालेल्या. थंड पहाटे ठीक होतं ते तेल भर दुपारी, पाठीवर ओझं असताना, त्या फटींतून नुसतं वाहून जात होतं. आतले भाग एकमेकांवर कोरडे घासत होते. आणखी मैलभर गेलो असतो तर यंत्र तिथेच फुटलं असतं. तिचं वय तक्त्यात आहे का, हे त्यानं मला आदल्या दिवशीच विचारलं होतं.

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. किसननं सीटखालून जाड तेलाचा डबा काढला.

“अर्धं तुमचं, अर्धं माह्यं,” तो म्हणाला. “पाहू.”

वीस नंबर सगळं बाहेर काढून त्यातल्या निम्म्यात त्यानं पन्नास ओतलं. घाई केली नाही. काठीनं ढवळायचं, बोट बुडवायचं, तार पाहायची, पुन्हा थोडं घालायचं. माझी आई पाक करताना अशीच उभी राहायची. मी फक्त डबा धरला. शेवटी त्याची तार बोटभर आली आणि तुटली, तेव्हा तो म्हणाला, “आता पुरे.” यंत्र निवलं, मग ते तेल आत भरून सुरू केलं. काटा वर आला आणि वर राहिला. टकटक थांबली होती, हे मलाही ऐकू आलं.

जऊळक्याला पोचलो तेव्हा वॅगन बंद होऊन शिक्का लागल्याला अर्धा तास झाला होता; तीही गेली.

किन्हीराजा

गाठी स्टेशनात उतरवून आम्ही किसनच्या गावी, किन्हीराजाला गेलो. स्टेशनावरून थेट रिसोडला परतायला उशीर झाला असता. दिवस कलता होता. त्याच्या बायकोनं, गिरजाबाईनं, अंगणात बाज टाकून दिली. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, ठेचा आणि अंबाडीची भाजी होती. ठेच्याला मी हात लावणार नव्हतो, पण गिरजाबाई म्हणाली, “त्याच्यात तेल घाला वरतून, मंग लागत नाई.” जवसाचं कच्चं तेल घातलं आणि खरंच खाता आला. तीन दिवसांत मला पहिल्यांदा तिखट सोसलं.

जेवताना किसननं तिला सगळं सांगितलं. म्हणजे गाडी थांबली, वॅगन गेली, एवढंच. मी काय म्हणालो, ते सांगितलं नाही. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग तिनं विचारलं, “आता उद्या सकाळी सुरू होईन काय?”

“थोडं जाडच हाय,” किसन म्हणाला. “सकाळी जड जाईन.”

“मंग थे काढून ठेवत काहून नाई? खोबऱ्याचं तेल गोठलं त मी चुलीपाशी ठेवतो. गरम झालं का घालाचं.”

किसननं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. साधी गोष्ट होती आणि ती ना तक्त्यात होती, ना गाडीवानांच्या शास्त्रात. आम्ही दिवेलागणीलाच गाडीखालून गरम तेल एका हंड्यात काढलं आणि चुलीच्या उबेला ठेवलं. सकाळी गिरजाबाईनं त्याला जरा निखारे दाखवले, आम्ही ते ओतलं आणि म्हातारी दुसऱ्या फेरीला बोलली. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. गिरजाबाई पदर तोंडाला लावून हसली. किसन मात्र हसला नाही, कारण पुढे रिसोड होतं.

पुन्हा रिसोड

आप्पासाहेबांना बातमी आधीच कळली होती. मालेगावच्या चढावर लॉरी थांबली, हे एका गाडीवानानं आनंदानं येऊन सांगितलं होतं. ओसरीवर मला चहा दिला. किसन खाली उभा.

“गाडी कोनं थांबवली?” त्यांनी विचारलं.

“म्या थांबवली, मालक.”

“काहून?”

“मले वाटलं, आवाज आला.”

एवढंच. तेल कुणी बदललं, चालव चालव कोण ओरडलं, यातलं अक्षर त्यानं काढलं नाही. मी पाहुणा होतो. दारात आलेल्या पाहुण्याची चूक चारचौघांत दाखवायची नाही, ही त्यांची रीत, आणि त्या रीतीपायी तो आपली भाकर सोडायला निघाला होता. मला बोलायला हवं होतं. पण मला शेठजी दिसत होते, त्यांनी दिलेली ताकीद आठवत होती. मी चहा पीत राहिलो. लिहायला वाईट वाटतं, पण तो चहा मी बशीत ओतून सावकाश प्यायलो.

आप्पासाहेब म्हणाले, “उद्यापासून गाडीवर येऊ नोको, किसन. आवारात काही काम पाहून देतो तुले.”

किसन “हाव मालक” म्हणाला आणि वळला. त्याची पाठ दिसली तेव्हा मला ते सहन झालं नाही. मी उठलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं जाड तेल घातलं ही त्याची चूक होती. पण पातळ घातलं ती माझी, आणि ती मोठी. तो थांबला नसता तर तुमचं यंत्र आज रस्त्यावर पडलं असतं. गाडी त्यानं माझ्या हुकमाविरुद्ध थांबवली.

आप्पासाहेबांनी मला विचारलं, “मंग आता कोनतं तेल घालाचं? तुमीच सांगा.”

“ते किसनरावांना विचारा,” मी म्हटलं. “मला माहीत नाही.”

किसन तिथेच उभा होता. त्यानं खाली पाहतच सांगायला सुरुवात केली : थंडीत अर्धं-अर्धं, सांजच्याला काढून ठेवायचं, सकाळी गरम करून घालायचं, उन्हाळ्यात पुन्हा चाळीस. आप्पासाहेब ऐकत गेले. मध्ये त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि किसननं त्यांची नीट उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, “बरं. परवाच्या गाठी तू घेऊन जाय.” मुंबईला मी दोन ओळींचं पत्र टाकलं : तेल खराब नाही, ड्रायव्हर खराब नाही, तक्ता दाखवणारा माणूस खराब होता.

निघताना

ठरल्या दिवशी म्हातारी वेळेवर पोचली, आणि त्याच फेरीत मी जऊळक्याला आलो. गाठी वॅगनमध्ये चढत होत्या. जऊळक्याचा बाजार होता म्हणून गिरजाबाई आली होती. माझी गाडी फलाटाला लागली, तेव्हा तिनं खिडकीतून फडक्यात बांधलेल्या भाकरी दिल्या आणि जवसाच्या तेलाची लहान बाटली.

“यायनं सांगतलं मले,” ती किसनकडे मान करून म्हणाली. “तुमी मालकाले बोलले म्हनून आमची चूल राह्यली. लय उपकार झाले, भाऊ.”

किसन तिच्या मागे उभा होता. त्यानं तिला तेवढंच सांगितलं होतं. ती चूल विझायची वेळ कुणी आणली होती, ते याही वेळी सांगितलं नव्हतं. मी तिला सांगायला तोंड उघडलं. किसननं मान हलवली, नको म्हणून. आणि गाडी हलली.